पाचवा रकाना

फ्रेझरबर्ग, फेब्रुवारी. खिडकीबाहेर बंदर,
समुद्राचा रंग भांडी विसळलेल्या पाण्याचा.
प्रत्येक मुलामागे मला वीस मिनिटं,
एक गुलाबी फॉर्म, पाच रकाने.
बावीस वर्षं तेच बोलतो आहे मी,
पाढ्यांसारखं, मधूनच सुरू केलं तरी शेवटाला पोचतं.

इशबेल वॉट. वय पंधरा. नखांत काळी रेघ.
"कायदा," म्हणाली,
बसायच्याही आधी.

बरं, म्हटलं. मग इंग्रजी तर हवंच,
एका स्वल्पविरामावरून माणसं घर गमावतात.
इतिहास घे. कोण काय म्हणालं,
आणि तसं म्हणण्यात त्याचा काय फायदा होता,
हे विचारायची खोड लागते.
गणित घे: एकातून दुसरं खरंच निघतं
की नुसतं निघाल्यासारखं वाटतं, ते तिथे कळतं.
आणि स्पॅनिश. शब्द किती निसरडे असतात
हे परक्या भाषेत आपटल्याशिवाय उमगत नाही.
कायदा म्हणून वेगळा विषय शाळेत नाही,
नसला तरी अडत नाही.
तो ते शिकवतील. त्यांना हवा असतो
सलग चार पानं विचार करू शकणारा माणूस.

ती लिहीत गेली. चार रकाने भरले.
पाचव्यात तिनं लिहिलं
सुतारकाम.

"हे चालायचं नाही," मी म्हणालो. "विद्यापीठ ते धरत नाही.
भूगोल घे. जीवशास्त्र घे. ज्यात निबंध लिहावे लागतात
असं काहीही घे."

ती गप्प. छपरावर सीगल नाचत होते, पत्रा वाजत होता.

"बाबांच्या सुनावणीला मी होते," ती म्हणाली.
"गोदीतली गोल करवत. दोन बोटं.
कंपनी म्हणे, झाकण होतं, यानंच काढून ठेवलं.
आमचा वकील चांगला होता. बोलायचा छान.
न्यायाधीशांनी विचारलं, नक्की काय काढलं होतं,
पात्यावरचं झाकण, की मागची पाचर?
त्यानं कागद उलटले.
पुन्हा उलटले.
बाबा मागच्या बाकावरून खुणा करत होते,
त्याच हातानं, उरलेल्या तीन बोटांनी,
पाचर, पाचर,
ती तर कधी बसवलेलीच नव्हती.
पण मध्ये बोलायचं नसतं तिथे."

याला माझ्याकडे उत्तर होतं. मी दिलं.
वकिलाला सगळं कसं येणार?
आज करवत, उद्या किडनी, परवा कुणाचं कुंपण.
त्यासाठीच तर तज्ज्ञ साक्षीदार असतात.

"होता ना," ती म्हणाली. "कंपनीचा."

घड्याळात तीन मिनिटं उरली होती.
दाराच्या काचेला फर्गस चेनचं नाक चिकटलेलं,
त्याला काय व्हायचंय ते त्यालाही माहीत नाही,
त्याच्यासोबत वीस मिनिटं फार लवकर संपतात.

मी पेन्सिलीनं तिच्या अक्षरांखाली बारीक लिहिलं: भूगोल.
म्हटलं, घरी विचार, शुक्रवारपर्यंत आण.
तिनं माझाच खोडरबर उचलला
आणि तिथेच, माझ्यासमोर,
आख्खा भूगोल खोडून काढला.
टेबलावर करडा भुसा.

"इशबेल, समज, नाही घेतलं त्यांनी. मग?"

"मग टेबलं करीन," ती उठत म्हणाली.
"तुमचं हे डुगडुगतंय."

डुगडुगतं खरं. पहिल्या वर्षापासून.
डाव्या पायाखाली मी दर फेब्रुवारीत
एक नवा फॉर्म घडी करून सरकवतो.

सही केली.
वाकडी आली.